वाचकांचे प्रश्न : ‘एक्स’ नसला तर काय बिघडलं?

या खेपेस प्रोसेसरबद्दलची पत्रं ढिगाने आली. बहुतेकांनी दोन कोटेशनं समोर ठेवून ‘यातलं कुठलं घेऊ?’ एवढंच विचारलंय. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. एक विनंती आधीच करतो. पत्रात ‘आय५ आहे’ किंवा ‘रायझन ७ आहे’ एवढंच लिहू नका, मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा. त्या शेवटच्या अक्षराने काय होतं ते पहिल्याच पत्रात दिसेल.

प्रश्न : मुलासाठी कॉम्प्युटर असेंबल करून घेतोय. कोडिंग आणि गेम, दोन्ही. दुकानदार रायझन ७ ५७०० देतोय. मी रायझन ७ ५७००एक्स म्हणालो होतो. तो म्हणतो, दोन्ही आठ कोअर, सोळा थ्रेड, दोन्ही ४.६ गिगाहर्ट्झ, दोन्ही ६५ वॉट. उलट ५७०० चा बेस स्पीड ३.७ आहे आणि एक्सचा ३.४, म्हणजे स्वस्तात जास्त वेगवान. एक्स नसला तर काय बिघडलं? (सांगली)

उत्तर : दुकानदाराने सांगितलेला एकही आकडा खोटा नाही. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, थ्रेड म्हणजे तो एका वेळी सांभाळतो ती कामं.) फक्त त्याने ज्या ओळी वाचल्या नाहीत, फरक त्यांत आहे. ५७०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, ५७००एक्स मध्ये ३२ एमबी. ५७०० पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी प्रोसेसरला जोडणारा मार्ग) ३.० वर चालतो, ५७००एक्स ४.० वर. नावं भावाभावांची असली तरी आतली चकती, म्हणजे सिलिकॉनची चिप, वेगळी आहे. ५७०० हा मुळात ग्राफिक्स अंगात असलेल्या ‘जी’ मालिकेच्या चकतीपासून, ग्राफिक्स बंद करून केलेला आहे.

कॅशचं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण जलद मेमरीचं, महत्त्व स्वयंपाकघरात चटकन कळतं. फोडणी टाकताना लागणारं तिखट-मीठ ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात असतं, जरा कमी लागणारं फडताळात, आणि संपलं की वाण्याकडे जावं लागतं. एल१ आणि एल२ म्हणजे मिसळणाचा डबा, एल३ म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे वाणी. या पिढीच्या रायझनमध्ये एल१ मधली गोष्ट साधारण ४ सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) हाताशी येते, एल२ मधली डझनभर सायकलमध्ये, एल३ मधली पन्नासेक सायकलमध्ये. रॅमपर्यंत जायचं तर ७०-८० नॅनोसेकंद लागतात. ४.५ गिगाहर्ट्झला त्या तीनशेहून अधिक सायकल झाल्या. तेवढा वेळ कोअर जवळपास हातावर हात धरून बसतो, मग त्याचे गिगाहर्ट्झ कितीही असोत.

गेममध्ये ही वाण्याकडची फेरी सारखी पडते, कारण कुठली माहिती कधी लागेल याचा आधी अंदाज येत नाही. त्यामुळे फडताळ निम्मं झालं की गेम अडखळतात. याची उलटी बाजू रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये दिसते. त्याचा कमाल वेग ५.० गिगाहर्ट्झ, त्याच पिढीतल्या ७७००एक्सचा ५.४. तरी गेममध्ये ७८००एक्स३डी पुढे असतो, कारण त्याच्याकडे ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ आहे. रेंडरिंगसारख्या ओळीने चालणाऱ्या कामात मात्र ७७००एक्स थोडा पुढे जातो, तिथे मोठ्या फडताळाचा फारसा उपयोग होत नाही.

पीसीआयईचा फटका कुठलं ग्राफिक्स कार्ड लावणार यावर आहे. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० सारखी कार्डं सोळा नव्हे, आठच लेन (पीसीआयईमधल्या वाटा) वापरतात. ४.० वर आठ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, ३.० वर ८. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरते तोवर हे जाणवत नाही. ती भरून सांडायला लागली की गेम झटके खायला लागतो. एसएसडीचंही तेच. सेकंदाला ७,००० एमबीची एसएसडी ५७०० वर साडेतीन हजारांच्या आसपास थांबेल. मात्र मदरबोर्ड बी४५० किंवा ए३२० असेल तर पीसीआयई ४.० मुळातच मिळत नाही, मग या बाबतीत दोन्ही प्रोसेसर सारखेच. कॅशचा फरक तरीही राहतो.

मग घ्यायचं काय? ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर ५७००एक्स. त्याच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, तो खर्च कोटेशनमध्ये धरलाय का ते बघा. बजेट तेवढं नसेल तर ५७०० कडे न जाता सहा कोअरच्या रायझन ५ ५६०० कडे उतरा. त्याला ३२ एमबी एल३ आणि पीसीआयई ४.० दोन्ही आहे आणि गेममध्ये तो आठ कोअरच्या ५७०० च्या पुढे राहतो. पण ५६०० च्या शेजारी ५५०० ठेवलेला असतो, तो पुन्हा १६ एमबी आणि ३.० वाला, त्यामुळे दुसरा अंक नीट वाचा. मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं किंवा रेंडरिंग हेच मुख्य काम असेल, तरच ५७०० च्या आठ कोअरना अर्थ आहे.

मशीन हातात आल्यावर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकून पहिला टॅब बघा. ‘कोडनेम’पुढे ५७००एक्सला व्हर्मीर दिसायला हवं, सेझान दिसलं तर आत ५७०० आहे. खाली एल३ पुढे ३२ की १६ तेही दिसतं. पैसे पूर्ण देण्याआधी दुकानातच बघा.

प्रश्न : ऑटोकॅडवर प्लॅन काढतो. आय५-१२४०० सहा कोअर आहे आणि आय५-१३४०० दहा. दीडपटीहून जास्त कोअर म्हणजे काम तेवढं जलद होणार ना? शिवाय पिढीही नवीन आहे. (कोल्हापूर)

उत्तर : नाही, दोन्ही कारणांनी नाही.

आधी कोअरचं बघू. १३४०० मधले दहा कोअर एका तोलाचे नाहीत. सहा मोठे पी-कोअर आणि चार छोटे ई-कोअर. चार ई-कोअर मिळून साधारण एका पी-कोअरएवढी जागा घेतात आणि १३४०० मध्ये त्यांचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे, पी-कोअरचा ४.६. ई-कोअरला थ्रेडही एकच. म्हणून ६ गुणिले २ अधिक ४, असे १६ थ्रेड होतात. कोअर आणि थ्रेडचे आकडे दिले की ही फोड स्वतःच करता येते : थ्रेडमधून कोअर वजा करा, उरतील ते पी-कोअर. १६ वजा १० म्हणजे ६. (इंटेलच्या डेस्कटॉपवरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत ही युक्ती चालत नाही. तिथे पी-कोअरलाही एकच थ्रेड आहे. कोअर अल्ट्रा ९ २८५के चे २४ कोअर आणि २४ थ्रेड, तर आधीच्या आय९-१४९००के चे २४ कोअर आणि ३२ थ्रेड. थ्रेड घटले म्हणून प्रोसेसर घटला असं नाही.)

आता ऑटोकॅड. हे सॉफ्टवेअर बहुतेक काम एकाच थ्रेडवर करतं. ड्रॉइंग रीजन करणं (पडद्यावर पुन्हा उभं करणं) आणि थ्री-डी रेंडर अशा मोजक्या ठिकाणी जास्त कोअर वापरतं. रेघ ओढताना, ब्लॉक हलवताना तुमचं काम एका पी-कोअरवर चाललेलं असतं. तिथे १२४०० चे ४.४ आणि १३४०० चे ४.६, म्हणजे पाचेक टक्क्यांचा फरक. तो हाताला कळणार नाही.

आणि पिढीची गोष्ट तर मजेशीर आहे. इंटेलच्या तक्त्यात एल२ कॅशची ओळ बघा. १२४०० ला ७.५ एमबी, म्हणजे सहा पी-कोअरना प्रत्येकी १.२५. खऱ्या तेराव्या पिढीच्या पी-कोअरला २ एमबी असते आणि चार ई-कोअरच्या गटाला ४ एमबी. आय५-१३६००के ची बेरीज म्हणूनच २० एमबी होते : सहा दुणे बारा, अधिक ई-कोअरचे दोन गट आठ. या हिशोबाने १३४०० ला १६ एमबी हवी होती. तक्त्यात आहे ९.५. म्हणजे साडेसात अधिक दोन, बाराव्या पिढीचीच मापं. आय५-१४४०० लाही तेच साडेनऊ. बॉक्सवर तेरावी-चौदावी पिढी, आत कोअरची घडण बाराव्या पिढीची. प्रोसेसर वाईट नाही, पण ‘नवीन पिढी’ म्हणून जास्त मोजायचं कारण उरत नाही.

तुम्ही १२४०० घ्या आणि वाचलेल्या पैशांत ८ जीबीच्या एका रॅमऐवजी ८-८ च्या दोन लावा. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन वेगळ्या चॅनलमध्ये लावल्या की ५१.२. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. शेजारी-शेजारी खोचल्या तर बऱ्याचदा दोन्ही एकाच चॅनलवर जातात.

प्रश्न : आय५-१४४०० वर ६५ वॉट लिहिलंय, तरी मीटर लावून बघितलं तर मशीन त्याहून खूप जास्त खातं. शिवाय मे महिन्यात व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना वेग पडतो. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. (चंद्रपूर)

उत्तर : ६५ वॉट ही कमाल मर्यादा आहे असा बहुतेकांचा समज असतो. ती बेस पॉवर आहे, म्हणजे बेस स्पीडला दीर्घकाळ चालताना लागणारी. त्याच तक्त्यात खाली ‘कमाल टर्बो पॉवर’ अशी दुसरी ओळ असते आणि १४४०० साठी ती १४८ वॉट आहे. १२४०० ला ११७, १४९००के ला १२५ आणि २५३. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, यांना पीएल१ आणि पीएल२ म्हणतात. इंटेलच्या मूळ कल्पनेनुसार ६५ वॉटचे प्रोसेसर थोडा वेळ, साधारण २८ सेकंद, पीएल२ वर पळतात आणि मग पीएल१ वर येतात. पण अनेक मदरबोर्ड कंपन्या ही वेळेची मर्यादा काढून टाकतात. मग तोच प्रोसेसर एका बोर्डावर १४८ वॉट सलग ओढतो आणि दुसऱ्यावर अर्ध्या मिनिटात ६५ वर येतो. यूट्यूबवरच्या दोन चाचण्यांत एकाच मॉडेलचे आकडे जुळत नाहीत, त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

एएमडीची परिभाषा आणखी निराळी. त्यांचा टीडीपी हा कूलर निवडण्यासाठीचा आकडा आहे. सॉकेटमधून प्रत्यक्ष जाणारी वीज ‘पीपीटी’ने ठरते आणि ती डेस्कटॉपवर साधारण १.३५ पट असते. ६५ चे ८८, १०५ चे १४२, १७० चे २३०. म्हणून इंटेलचे ६५ आणि एएमडीचे ६५ शेजारी लिहून तुलना करू नका. लिहायचेच तर १४८ आणि ८८ लिहा.

तुमच्या मशीनचं तपासायचं असं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स’मध्ये उघडा. सीपीयू पॅकेज पॉवर, सर्वांत गरम कोअरचं तापमान आणि पी-कोअरचा क्लॉक, या तीन ओळींवर नजर ठेवून सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावा. तीन शक्यता आहेत. पॉवर अर्ध्या मिनिटाने १४८ वरून ६५ वर आली आणि तापमान ७० च्या आत असेल, तर बोर्ड पीएल१ पाळतोय. बायॉसमध्ये ती ९० ते १०० वॉट करून बघा. तापमान १०० ला टेकून पॉवर घसरत असेल, तर कूलर पुरत नाही. दोन्ही ठीक असूनही क्लॉक धाडकन खाली येत असेल, तर प्रोसेसरशेजारचा वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, तापतोय. स्वस्तातल्या एच६१० बोर्डांवर त्यावर हीटसिंकच नसतो.

चंद्रपूरला मे महिन्यात दुसऱ्या शक्यतेवरच पैज लावावी लागेल. कूलर थंडी निर्माण करत नाही, तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचं ते ठरवतो. चाचण्या घेणारे २२-२५ अंशांच्या एसी खोलीत बसतात. तिथे ७५ दाखवणारा प्रोसेसर तुमच्या ४२ अंशांच्या खोलीत ९२-९५ दाखवणार. बॉक्समधला छोटा कूलर काढून चार हीटपाइपचा उभा कूलर लावा. कॅबिनेटला पुढून हवा आत आणि मागून बाहेर असे किमान दोन पंखे हवेत. पुढची बाजू सलग काचेची असेल तर पंखे असून नसल्यासारखे. आणि पीएल१-पीएल२ दोन्ही १०० वर बांधून ठेवा. शेवटचे पन्नास वॉट ओतून मिळणारा वेग त्या उष्णतेच्या मानाने फारच थोडा असतो. रायझन ७०००-९००० वाल्यांना हेच बायॉसमधल्या ‘इको मोड’ने एका क्लिकमध्ये जमतं. त्यांच्यातल्या ७७००एक्ससारख्या मॉडेलांची ९५ अंशांपर्यंत जायची घडणच तशी आहे, त्यामुळे तो आकडा बघून घाबरू नका. एक्स३डी मध्ये ७८००एक्स३डी ची मर्यादा मात्र ८९ आहे.

यूपीएसचं : ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, घरगुती मॉडेलमध्ये साधारण ३६०. प्रोसेसर १४८, मॉनिटर ३०, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ५०, एसएमपीएसमध्ये (मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये) वाया जाणारे १०-१५ टक्के धरले तर अडीचशेच्या पुढे गेलोच. ग्राफिक्स कार्ड नसेल तर जेमतेम निभावेल, कार्ड लावलंत तर वीज जाताच यूपीएस ‘टीं’ करून बसेल.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप. तीन पर्याय आहेत : आय७-१३५५यू, आय५-१३४२०एच, रायझन ५ ७५२०यू. वडील म्हणतात आय७ घे. (लातूर)

उत्तर : वडिलांना सांगा, लॅपटॉपमध्ये आय७ च्या पुढचा आकडा वाचण्याआधी शेवटचं अक्षर वाचायचं. यू म्हणजे पातळ, हलक्या मशीनचा १५ वॉटचा वर्ग. एच म्हणजे ४५ वॉटचा.

आय७-१३५५यू मध्ये दोन पी-कोअर आणि आठ ई-कोअर आहेत. आय५-१३४२०एच मध्ये चार पी आणि चार ई. गंमत म्हणजे दोघांचेही थ्रेड १२ आणि एल३ कॅश १२ एमबी, त्यामुळे जाहिरातीत ते सारखे दिसतात आणि ५.० विरुद्ध ४.६ गिगाहर्ट्झमुळे आय७ वरचढ वाटतो. ते ५.० एक-दोन कोअरवर, थोडा वेळ मिळतात. कंपाइलिंग, मॅटलॅब, सॉलिडवर्क्सचं सिम्युलेशन अशी दोन मिनिटांवरची कामं सुरू झाली की दुप्पट पी-कोअर आणि तिप्पट वॉट असलेला आय५ पुढे जातो. बॅटरी आणि वजन यांत आय७ जिंकतो. आणखी एक : आय५-१३३५यू मध्येही तेच दोन अधिक आठ कोअर आहेत, फक्त कमाल वेग ४.६. यू वर्गात आय५ सोडून आय७ साठी पाच-सात हजार जास्त देणं आम्हाला तरी पटत नाही.

रायझन ५ ७५२०यू यादीतून काढून टाका. सात हजाराची मालिका दिसली म्हणजे नवा प्रोसेसर असं धरू नका. एएमडीच्या त्या मालिकेत घडण तिसऱ्या अंकात लपलेली असते : ७५२०यू मध्ये झेन २, ७५३०यू मध्ये झेन ३, ७५४०यू मध्ये झेन ४. पहिला ७ फक्त २०२३ चं मॉडेल असल्याचं सांगतो. ७५२०यू चार कोअरचा आहे, त्याची एल३ फक्त ४ एमबी आणि त्याची रॅम बोर्डावर डाखलेली येते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबीचा घेतलात तर चार वर्षं ८ जीबीच. ७५३०यू चांगला आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, १६ एमबी एल३. दोन्हींना दुकानात ‘रायझन ५’च म्हणतात आणि नावात एका अंकाचा फरक.

यंत्रशाखा किंवा कॉम्प्युटर असेल तर आय५-१३४२०एच, पण रॅमच्या दोन जागा आहेत आणि एक तरी रिकामी आहे याची खात्री करून. एकच पट्टी लावलेला एच प्रोसेसर आपल्या ग्राफिक्सला उपाशी ठेवतो.

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कॅमेरा एच.२६५, ४:२:२, १०-बिट रेकॉर्ड करतो. रायझन ९ आणि महागडं कार्ड लावूनही टाइमलाइन अडकते. मित्राचा साधा आय५ सुरळीत चालतो. असं का? (नाशिक)

उत्तर : कारण इथे कोअरचं काम नाही, डीकोडरचं आहे. ४:२:२ १०-बिट एच.२६५ असा दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारं खास सर्किट इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून, आहे. त्यालाच क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाने ते २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत दिलं. ४० मालिकेत आणि त्याआधी नाही. तुमच्याकडे दोन्ही नसल्याने सगळे कोअर प्रत्येक फ्रेम हाताने सोडवत बसलेत.

उपाय तीन. ५० मालिकेचं कार्ड. किंवा इंटेलचा प्रोसेसर, पण नावात ‘एफ’ नसलेला, कारण एफ म्हणजे ग्राफिक्स बंद, सोबत क्विक सिंकही गेलं. आय५-१२४०० च्या यूएचडी ७३० मध्ये असं एक मीडिया इंजिन आहे, १२५०० आणि वरच्या मॉडेलांच्या यूएचडी ७७० मध्ये दोन. दोन-तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम करणाऱ्याने १२५०० च बघावा. वेगळं कार्ड लावल्यावर बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतो, ते बायॉसमध्ये ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ सुरू करून जागं करावं लागतं. हे विसरून लोक प्रोसेसरला शिव्या देतात. तिसरा उपाय फुकटचा : प्रॉक्सी, म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी नक्कल, तयार करून एडिट करा. रात्री लावून ठेवा, सकाळी काम हलकं.

कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ १०-बिट देत असेल तर बाराव्या ते चौदाव्या पिढीचं क्विक सिंक कामी येत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत कोडेक कुठला ते आधी बघा.

प्रश्न : जुना आय७-१३७००के चांगल्या किमतीत मिळतोय. ‘खराब होणारी पिढी’ असं ऐकलंय. घ्यावा का? (पुणे)

उत्तर : बिल असेल तर घ्यावा, नसेल तर सोडावा.

तेराव्या-चौदाव्या पिढीच्या ६५ वॉट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन कोअरमधलं क्लॉकचं सर्किट झिजतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर) दिले. ते पुढची झीज रोखतात, झालेली भरून काढत नाहीत. लॅपटॉपच्या प्रोसेसरांना ही व्याधी नाही. आय५ मधले १३६००के-१४६००के, तसंच आय७ आणि आय९ यांच्या बॉक्समधल्या प्रोसेसरांची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली आहे. बॉक्सशिवाय, ट्रेमधून तयार मशीनमध्ये आलेला असेल तर दाद मशीनच्या कंपनीकडे मागावी लागते. म्हणून बिल आणि सिरियल नंबर.

बघायला जाताना पेनड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो, सेव्हन-झिप आणि इंटेलचं प्रोसेसर डायग्नॉस्टिक टूल न्या. एचडब्ल्यूइन्फोच्या मुख्य पानावर मायक्रोकोडपुढे १२बी किंवा त्यापुढचं दिसायला हवं. त्याहून जुनं असेल तर तो प्रोसेसर आजवर मोकाट व्होल्टेजवर चालला, किंमत पाडून मागा. मग डायग्नॉस्टिक टूल दोनदा आणि सेव्हन-झिपची अंगभूत चाचणी अर्धा तास. एकही चूक दिसली की उठा. अजून एक खूण : बरीच ग्राफिक्स मेमरी शिल्लक असताना गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडणं. दोष बऱ्याचदा कार्डाचा नसतो, झिजलेला प्रोसेसर फाइल उलगडताना चुकतो.

घेतलात तर पहिलं काम बायॉस अपडेट. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि अपडेट चालू असताना मशीन यूपीएसवर असू द्या.

प्रश्न : आय५-१२४००एफ लावलाय. सगळे दिवे लागतात, पंखे फिरतात, मॉनिटर काळा. बोर्ड खराब आहे का? (जळगाव)

उत्तर : केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली असणार. एफ प्रोसेसरला चित्र काढताच येत नाही, बोर्डावरचं भोक नुसतं भोक आहे. केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. कार्ड नसेल तर दुकानात जाऊन १२४०० घेऊन या. रायझन ५ ५६०० चीही हीच गत. ७६०० मात्र साधं चित्र दाखवतो, आणि ७५००एफ पुन्हा नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर ‘१२० टॉप्स एआय’ लिहिलंय, दुसऱ्यावर ५०. पहिला अडीचपट हुशार? (मडगाव)

उत्तर : टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं. १२० ही बेरीज आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतल्या सर्वांत वरच्या मॉडेलसाठी एनपीयू (एआयसाठीचा वेगळा भाग) ४८, ग्राफिक्स ६७, प्रोसेसर ५. एएमडीच्या रायझन एआय ९ एचएक्स ३७० चे ५० हे एकट्या एनपीयूचे. विंडोजच्या ‘कोपायलट प्लस’ला एकट्या एनपीयूचे ४० लागतात, तेवढंच बघा, दोघंही पास. त्याऐवजी हे विचारा की २००व्ही मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर येते. २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२. नंतर एक जीबीही वाढत नाही.

प्रश्न : माझ्या मशीनचा सिनेबेंच स्कोअर सातशेच्या आसपास, मित्राचा बारा हजार. माझा प्रोसेसर नकली आहे का? (सातारा)

उत्तर : तुम्ही सिनेबेंच २०२४ चालवलंय, मित्राने आर२३. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. मधल्या फळीचा प्रोसेसर एकीत शेकड्यांत येतो, दुसरीत हजारांत. त्याला २०२४ टाकायला सांगा, दोघांनीही चार्जर लावून आणि दहा मिनिटांची चाचणी पूर्ण करून मग आकडा कळवा.